दोन्ही खांद्यांवरून पदर

आमच्या घरात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे. फोटो म्हणत. "फोटो काढला का?", "फोटोत काय आलं?", "फोटो चांगला आलाय." आईच्या उजव्या खांद्याचे असे बरेच फोटो निघाले आणि सगळे चांगले आले. चेहऱ्याचा मात्र तिचा एकही फोटो धड नाही. लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेले, शाळेच्या वार्षिक फोटोत पुढच्या बाईंच्या अंबाड्यामागे अर्धी लपलेली. "तुझा खांदा तुझ्यापेक्षा फोटोला बरा आहे," असं मी तिला चिडवायचे आणि ती हसायची. पुढे मी ते म्हणणं सोडून दिलं.

आम्ही तेव्हा मुलुंडला चाळीत राहायचो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि त्यात आई, बाबा, बाबांची आई आणि मी. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. ते भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात जायला लागले होते, पण तिथे कधी काम असे, कधी नसे. म्हणजे घर आईच्या नोकरीवर चालायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नसे. आजी तर मुळीच नाही.

आई मराठी शाळेत सातवीला शिकवायची. तिचं अक्षर सुंदर होतं आणि तिला ते माहीत होतं. बाकी कशाचा तिला गर्व नव्हता, या एका गोष्टीचा होता. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट, आणि अगदी चौकटीला लागून एका ओळीत सुविचार. आई बुटकी. टाचा उंचावून, उजवा हात कानाला लागेल असा ताणून ती तो सुविचार लिहायची, आणि ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जराही तिरपी जायची नाही. शाळा तपासणीला साहेब येणार असले की बाकीच्या बाई आपापले फळे तिच्याकडून लिहून घ्यायच्या. मी त्याच शाळेत शिकले, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. वर्गात ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे, पण फळ्याकडे मात्र लिहून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघायची.

त्याच वर्गात ती पडली. भिंतीवर नकाशा लावायचा होता, शिपाई जागेवर नव्हता, आणि थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाकावर चढली, बाक डुगडुगलं, ती खाली आली. पडताना उजवा हात टेकला म्हणून डोकं वाचलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा तो हात तिने पोटाशी धरला होता.

"आतून टरकन् झालं गं," ती मला म्हणाली. "जुनं लुगडं फाटतं ना, तसं."

तेव्हा मी बारावीला होते. मी म्हटलं, "ब्लाउज फाटला असेल." तिने ब्लाउज तपासला. शाबूत होता. मग टरकन् काय झालं हा विषय तिथेच राहिला. आजीने तेल कोमट केलं आणि ब्लाउजवरूनच दंड चोळून दिला.

सूज उतरली, दुखणं राहिलं. आणि एक नवीनच गोष्ट झाली. हात वर जाईना. कमरेपर्यंत ठीक होता, पोळ्या लाटता यायच्या, वह्या तपासता यायच्या. पण फळीवरचा डबा काढायचा म्हटलं की हात अर्ध्यात थांबायचा, आणि मग आई डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरून त्याला वर ढकलायची. असा ढकलला की जायचा. डबा मात्र हातात टिकायचा नाही. साबुदाण्याचा डबा असाच एकदा आजीच्या पुढ्यात पडला आणि आजीने दिवसभर तोंड फुगवलं.

आमचे डॉक्टर बाजाराकडच्या गल्लीत बसायचे. मोठे सज्जन गृहस्थ. आजीच्या गावाकडचे, आजोबांच्या ओळखीचे, त्यामुळे त्यांचा दवाखाना म्हणजे आईला थोडं सासरच. आई शाळेत डाव्या खांद्यावर पदर पिनेने टाचून वाघिणीसारखी वावरायची. पण दवाखान्याच्या पायरीवर तिचं सगळं बदलायचं. आमच्या घरात सुना वडीलधाऱ्या पुरुषासमोर दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायच्या, आणि डॉक्टर वडीलधारे. पूर्वी पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर ओढून घ्यायला तिला क्षणही लागत नसे. आता त्याच हाताला ते जमेना. म्हणून पायरीशी आली की ती मला नुसती मान हलवून खुणावायची, आणि मी मागून पदराचा काठ ओढून तिच्या उजव्या खांद्यावर टाकायचे. टोक ती डाव्या हाताने गळ्याशी धरायची. तेवढं झाल्यावरच आम्ही आत जायचो.

डॉक्टरांनी त्या पदरावरूनच खांदा चाचपला. इथे दुखतं का, इथे दुखतं का. मग म्हणाले, "बाई, हात वर करा बघू."

आई आज्ञाधारक. मास्तरणीला कुणी काही करायला सांगितलं की ती ते करूनच दाखवते. तिने पदराच्या आतून डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं आणि हात वर केला. पदर त्या हाताबरोबर तंबूसारखा वर गेला. खाली काय चाललंय ते डॉक्टरांना दिसायचं कारणच नव्हतं.

"जातो की वर," डॉक्टर म्हणाले. "थोडा वात धरलाय. आपण फोटो काढून घेऊ."

फोटो काढला. फोटो चांगला आला. हाडं सगळी जागच्या जागी, एखाद्या पुस्तकात छापल्यासारखी. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून आईला दाखवला, गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. घरी आल्यावर आजीने एवढंच विचारलं, "फोटोत काय इला?"

"काही नाही आलं," आई म्हणाली.

हे वाक्य तिने सरळपणे सांगितलं, आणि पुढचं सगळं वर्ष ते तिच्याच अंगावर येत राहिलं. फोटोत काही नाही, म्हणजे खांद्याला काही नाही. खांद्याला काही नाही, म्हणजे बाईला काही नाही. मग उरलं काय? नाटक. आजीने तो शब्द वापरला नाही, तिने सोंग म्हटलं.

"सोंगां नुसती," ती शेजारणीला सांगायची, आई आत भांडी घासत असताना. "आमी काय कामां करूक नाय? आमचे हात काय दुखूक नाय?"

बाबा असं काही बोलायचे नाहीत. ते फक्त आईने डबा मागितला की उठून काढून द्यायचे आणि देताना सुस्कारा टाकायचे. मला तो सुस्कारा आजीच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचा. ज्याची गिरणी बंद पडली त्या माणसाच्या दुःखावर घरात कुणी शंका घेतली नव्हती. कारण कुलूप सगळ्यांना दिसत होतं.

गोळ्यांनी गुण येईना तेव्हा आम्ही घाटकोपरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे आमचे कुणी नव्हते, पण आई म्हणाली, पुरुषच ना, आणि टक्कल पडलंय म्हणजे वयाने मोठे असणार. पुन्हा मान हलली, पुन्हा मी पदर ओढून दिला. आता मागे वळून बघताना लोक अशा वेळी स्वतःला दोष देतात. मी देणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आईने सांगितलं झाक, तिने झाकलं. मला राग येतो तो वेगळाच. समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाला एकदाही वाटलं नाही की बाई, जरा पाठ दाखवा. कदाचित त्यांनाही संकोच वाटला असेल. तिची लाज त्यांनी राखली, त्यांची तिने राखली, आणि त्या राखाराखीत खांदा गेला.

या डॉक्टरांनी निदान केलं, फ्रोझन शोल्डर. म्हणजे खांदा गोठला आहे, वयाच्या या टप्प्यावर बायकांचा गोठतो, व्यायामाने सुटेल. त्यांनी खांद्यात इंजेक्शन दिलं, तेही ब्लाउजचा गळा थोडासा बाजूला सारून, आणि एक व्यायाम शिकवला. दाराच्या चौकटीला कप्पी बसवायची, तिच्यावरून दोर घ्यायचा, दोराची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यायचा.

बाबांना या कामात उत्साह वाटला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या जोगतं काही घरात निघालं होतं. कारखान्यातून त्यांनी लोखंडी कप्पी आणली, तेल घालून स्वयंपाकघराच्या चौकटीला ठोकली. आई रोज शाळेतून आली की त्या दारात स्टुलावर बसायची आणि दोर ओढायची. डावा हात खाली, उजवा वर. डावा वर, उजवा खाली. कप्पी कुरकुरायची. उजवा हात पार डोक्याच्या वर जायचा, अगदी सुविचाराच्या उंचीला.

आजी समोर बसून हे बघायची. "बघ, जाता मां वर?" ती मला म्हणायची. "हयसर जाता. डबो काढूक सांगलंय की जायना."

आणि खरं सांगायचं तर मलाही ते कोडंच होतं. हात वर जात होता. माझ्या डोळ्यांदेखत रोज जात होता. मीसुद्धा तो उचलून पाहिला होता. कुठेही अडकत नव्हता, मऊ, सैल, लहान मुलाचा उचलावा तसा यायचा. सोडला की खाली. "जरा धरून ठेव ना," मी म्हणायचे. ती म्हणायची, "धरतेय गं. धरलाच जात नाही."

शाळेत फळा खाली उतरायला लागला. आधी सुविचार गेला. मग तारीख मधोमध आली. मग गणितं फळ्याच्या खालच्या अर्ध्यात, आणि शेवटी तर आई खुर्ची ओढून फळ्याशेजारी बसून गुडघ्यांच्या उंचीला लिहायला लागली. मागच्या बाकांवरच्या मुलांना पुढच्या मुलांच्या डोक्यांमुळे काही दिसेना. मुलं उभी राहायची, गोंधळ व्हायचा. तक्रार मुख्याध्यापकांकडे गेली. ते वाईट नव्हते. त्यांनी फक्त डॉक्टरांचा दाखला मागितला. घाटकोपरच्या डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं की फोटो निर्दोष आहे आणि व्यायामाने हालचाल पूर्ण होत आहे. लिहिलं ते खोटं नव्हतं. दोराने होतच होती.

तो दाखला वाचून मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मग प्रश्न काय आहे?"

हे आईने घरी येऊन मला एकटीला सांगितलं, भाजी निवडता निवडता. मग म्हणाली, "खरंच गं, प्रश्न काय आहे? मलाच कळत नाही. कधीकधी वाटतं, सासूबाई म्हणतात तेच खरं असेल. मीच करत असेन. मनातून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरोखर विचारत होती. मी उठून पाणी प्यायले. इतकी ताठ बाई, तिला स्वतःच्या हाताची साक्ष पटेनाशी झाली होती.

तिसरं इंजेक्शनही वाया गेलं तेव्हा घाटकोपरच्या डॉक्टरांनी कंटाळून चिठ्ठी दिली आणि शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात व्यायामाच्या विभागात पाठवलं. तोवर ती पडल्याला वर्ष होऊन गेलं होतं. मी कॉलेजला दांडी मारून बरोबर गेले. बाकावर बराच वेळ बसल्यावर नंबर आला. आईने सवयीने मान हलवली, मी पदर ओढून दिला, आणि आत गेलो तर टेबलामागे एक मुलगी बसलेली. माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी, केस कापलेले, पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारलेल्या. तिने कागद वाचला, फोटो एका बाजूला ठेवून दिला, बघितलासुद्धा नाही.

"पडदा ओढ गं," ती मला म्हणाली. मग आईला, "काकू, पदर खाली घ्या. ब्लाउजपण काढा आणि माझ्याकडे पाठ करून बसा."

आई माझ्याकडे बघायला लागली. चाळीतल्या बायकांचं एक कसब असतं, ते आता कुणाला सांगूनही कळायचं नाही. चार माणसांच्या खोलीत, दार न लावता, परकर दातात धरून आई साडी बदलायची आणि कुणालाही तिची कातडी इंचभर दिसायची नाही. मी तिची एकुलती एक मुलगी, तिच्या शेजारी अंथरूण घालून झोपणारी, पण मी तिची पाठ कधी पाहिली नव्हती. बाबांनी पाहिली असेल की नाही, सांगता येत नाही.

"असंच बघा ना," आई म्हणाली. "सगळ्यांनी असंच बघितलं."

"सगळ्यांनी बघितलं म्हणूनच माझ्याकडे आलात," ती मुलगी म्हणाली. उद्धट वाटेल असं, पण आवाज नरम होता.

आईने हुक काढले. उजव्या बाहीतून हात काढायला मी मदत केली. मग ती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मी मागून पाहिलं.

डावीकडचा खांदा भरलेला होता, कुणाही बाईचा असावा तसा. उजवीकडे खांद्याच्या फऱ्यावरचं हाड कातडीतून उठून दिसत होतं, आणि त्याच्या वर एक खड्डा होता, खाली दुसरा. खालचा मोठा. बोटं ठेवली तर आत बसतील एवढा. जणू कुणी आतून तेवढा भाग खरवडून काढला होता आणि वरून कातडी पुन्हा ओढून घेतली होती.

"हे कधीपासून आहे?" मुलीने विचारलं.

"काय?" आई भिंतीकडे बघत म्हणाली.

मुलीने माझा हात धरून त्या खड्ड्यात ठेवला. "इथे मांस असतं. हात उचलणारं. तुझ्या स्वतःच्या पाठीला लावून बघ." मी लावला नाही. मला ती जागा आईच्या पाठीवर सापडली होती तेवढं पुरे होतं.

मग तिने आईला वळवून बसवलं, तिचा उजवा हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर नेला आणि म्हणाली, "आता मी सोडणार. तुम्ही हळूहळू खाली आणायचा. घाई नाही."

सोडला. हात धपकन् मांडीवर पडला.

आई ओशाळली. परीक्षेत सोपं गणित चुकलेल्या मुलासारखी म्हणाली, "परत करा. माझं लक्ष नव्हतं."

परत केला. परत पडला. तिसऱ्यांदा आईने ओठ दाबून, डोळे मिटून सगळा जोर लावला. हात क्षणभरही थांबला नाही. मांडीवर पडल्याचा तो आवाज मी विसरू शकत नाही.

मुलीने स्वतः आईला ब्लाउज घालायला मदत केली. मग समजावून सांगितलं. खांदा गोठला असता तर तो कुणालाच उचलता आला नसता, ना आईला, ना दुसऱ्याला. हा दुसऱ्याने उचलला की जातो आणि स्वतःहून जात नाही. म्हणजे सांधा मोकळा आहे. स्नायू हाडाला बांधणारा जो पट्टा असतो, तो तुटला आहे. आणि पट्टा काही फोटोत येत नाही. फोटोत फक्त हाड येतं.

"घरी कप्पी लावलीय ना?" ती चिठ्ठी बघत म्हणाली. "कप्पी चांगलीच आहे. दोर तुटलाय."

आईने डाव्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "पडले तेव्हा आतून टरकन् झालं होतं. मी सांगितलं होतं हिला."

सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

पुढे त्याच रुग्णालयात खांद्यात औषधाचा रंग सोडून एक वेगळा फोटो काढला. सांध्याच्या पिशवीत रंग भरायचा. पिशवी धड असेल तर तो तिथेच राहतो. आईचा राहिला नाही. वरच्या अंगाने झिरपून नको तिथे पसरला. मोठ्या सर्जननी तो फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि आम्हाला पेनाच्या टोकाने दाखवलं, इथून फाटलंय, इथपर्यंत.

"दिसतंय ना?" आईने विचारलं.

"स्पष्ट दिसतंय."

"म्हणजे फोटोत आलं."

"आलं ना."

आणि आई हसली. मी तिला त्या वर्षात तशी हसताना पाहिलं नव्हतं. चेहरा उजळून निघाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? आलं फोटोत." सर्जन गोंधळले. त्यांना वाटलं बाईंना नीट समजलं नाही. त्यांनी पुन्हा, सावकाश सांगितलं. पडल्यानंतर दोन-तीन महिन्यांत आला असतात तर शिवून जोडलं असतं. आता तुटलेलं टोक आत ओढलं गेलंय, मांस सुकलंय, ओढून हाडापर्यंत आणता येणार नाही. फाडून काही हाती लागणार नाही. दुखणं हळूहळू कमी होईल, पण हात वर जाणार नाही.

आई मान डोलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हा फोटो मला घरी नेता येईल का?"

मला त्या क्षणी तिचा फार राग आला. कुणीतरी तुला सांगतंय की हात गेला, आणि तू बक्षीस मिळाल्यासारखी काय बसली आहेस? वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून तिची ही गत केली होती. तिला हात नको होता, तिला खरं ठरायचं होतं. बरं होण्याची आशा सुटली त्याच दिवशी तिला सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर तिने फोटो खिडकीशी धरला आणि सगळ्यांना बोलावलं. बाबा जवळ आले, चष्मा वर सारून बघितलं, आणि आत जाऊन चौकटीवरची कप्पी काढायला लागले. खिळा निघताना चौकटीचा ढलपा गेला. आजी भिंतीला धरून उठली, आईने आधीचा फोटो आणि हा फोटो शेजारी शेजारी धरले होते, त्या दोन्हींकडे ती आळीपाळीने बघत राहिली.

"काय तां?" ती म्हणाली. "माका दोनय सारकेच दिसतत."

"आई, हा पांढरा भाग बघा. हा इथे नको होता."

आजीने पुन्हा बघितलं. "आसात," ती म्हणाली, असेल बुवा अशा सुरात, आणि जाग्यावर जाऊन बसली. आईचे दोन्ही फोटो धरलेले हात थोडा वेळ तसेच राहिले. म्हणजे डावा राहिला. उजव्यातला फोटो घसरून खाली पडला.

मुख्याध्यापकांना मात्र दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी खरंच जमेल ते केलं. आईला सातवीतून काढून ग्रंथालयाची खोली आणि शिवणाचे तास दिले. त्या खोलीत फळा नव्हता. निवृत्त होईपर्यंत ती तिथे बसली. त्या जागेबद्दल ती कधी वाईट बोलली नाही, पण शाळेतली मधली वाट, जिथून सातवीच्या वर्गाचं दार दिसायचं, ती टाळून ती अंगणातून वळसा घालून जायची. भर पावसातसुद्धा. आमच्या घरातले डबे एकेक करून फळीवरून खाली आले. तिचा अंबाडा मी घालायचे, माझं लग्न झाल्यावर शेजारची एक मुलगी घालायची, आणि मग आईने केस कापून टाकले. आजीने त्यावरही काहीतरी म्हटलं असतं, पण ती तोवर गेली होती.

आई गेली तेव्हा थंडीचे दिवस होते. बाबा बाहेर माणसांत बसले होते. बाईला बायकाच आंघोळ घालतात, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कधी नव्हे ते. त्याच दाराच्या चौकटीवर कप्पीच्या खिळ्याचं भोक अजून होतं. आम्ही चौघी-पाच जणी होतो, सगळ्या चाळीतल्या, तिला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. पाठीवर पाणी घालायला तिला कुशीवर वळवलं तेव्हा मी तिची पाठ दुसऱ्यांदा पाहिली.

खड्डे आणखी खोल गेले होते. पाणी घातलं तसं खालच्या खड्ड्यात थोडं साचून राहिलं.

"अगं बाई," एक शेजारीण हळूच म्हणाली. "हे काय झालं होतं हिला?"

दुसरीने घाईने लुगड्याचा काठ ओढला. "झाका गं, झाका लवकर. फार लाजरी होती बिचारी." तिचं चुकत नव्हतं. तशीच रीत आहे, आणि आईनेही तेच केलं असतं. मान हलवून मला खुणावलं असतं.

मी तिच्या हातातून तो काठ काढून घेतला.

"राहू दे जरा," मी म्हटलं. "बघा सगळ्या जणी."